साधे गणकयंत्र

दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा नंबरच्या खोलीत पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. अस्मिता रणपिसे यांनी खिडकी उघडून पाहिली, ऊन सरळ बाकावर आलं, तशी परत लोटली. भूगोल शिकवायला लागून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती आणि दहावीचं पर्यवेक्षणही जवळपास तेवढीच वर्षं मागे लागलेलं होतं. या वर्षी त्यांना स्वतंत्र खोली मिळाली होती. परीक्षार्थी एकच. "मजा आहे बुवा तुमची," असं स्टाफरूममध्ये तिघींनी म्हणून झालं होतं. एकाच मुलीकडे बघत बसणं पंचवीस जणांवर नजर ठेवण्यापेक्षा जास्त दमवतं, हे त्या तिघींना सांगण्याचं त्राण अस्मिताबाईंना नव्हतं.

ती मुलगी उत्कर्षा. छत्तीस लिहायला घेतलं की तिच्या हातून त्रेसष्ट उतरायचं. आकड्यांची तिची अडचण डॉक्टरांनी तपासून लेखी दिली होती, त्यावरून परवानगीचं पत्र आलं होतं: वेगळी खोली, चाळीस मिनिटं जादा वेळ, आणि साधे गणकयंत्र वापरण्यास मुभा.

बीजगणिताचा पेपर अकराला सुरू झाला. दहा मिनिटांत केंद्रसंचालक हिंमतराव शितोळे फेरीला आले. त्यांनी पत्र वाचलं, मग बाकावरचा कॅल्क्युलेटर उचलून डोळ्यांजवळ नेला.

"रणपिसे मॅडम, हे साधं आहे?"

"साधंच आहे, सर. वाण्याकडे असतं तसलं."

"यात एम प्लस आहे. म्हणजे मेमरी. मेमरी म्हणजे आत काहीतरी साठवता येतं."

"एक आकडा साठवता येतो, सर. धडा नाही."

"ते तुम्ही मला सांगताय. भरारी पथकाला कोण सांगणार? मागल्या वर्षी एका पोराच्या घड्याळावरून मी तीन महिने खुलासे लिहीत होतो." त्यांनी कॅल्क्युलेटर खिशात टाकला. "मेमरी नसलेला आणा. मी आडवा येणार नाही."

ते गेले. उत्कर्षानं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. असं काहीतरी होणारच, या तयारीनं आल्यासारखी ती बसून राहिली.

मुलीला एकटं सोडून खोलीबाहेर जाता येत नव्हतं. अस्मिताबाईंनी दारातून शिपाई कचरूला हाक मारली आणि कॅल्क्युलेटर शोधायला पाठवलं. ऑफिसातला क्लार्कच्या कपाटात होता आणि क्लार्क रजेवर. मग कचरू रस्त्यावर गेला. वीस मिनिटांनी घामाघूम होऊन परत आला, हातात तीन कॅल्क्युलेटर. एक औषधाच्या दुकानातला, एक इस्त्रीवाल्याचा आणि एक समोरच्या स्टेशनरीतला, खोक्यासकट.

तिन्हींवर एम प्लस होतं.

"मॅडम, स्टेशनरीवाला म्हणतो, हे बटण नसलेला पीस अजून जन्माला यायचाय," कचरू म्हणाला.

अस्मिताबाईंनी उत्तरपत्रिका बांधायची पांढरी चिकटपट्टी घेतली, एक कोरा कागद घेतला आणि कचरूला सरांना बोलवायला धाडलं. हिंमतराव येईपर्यंत त्यांचा अर्ज लिहून तयार होता. मेमरीची बटणं पट्टीनं बंद केली आहेत, पट्टीवर माझी सही आहे, काही गैरप्रकार झाल्यास जबाबदारी माझी राहील.

"आणि हिला तिचाच कॅल्क्युलेटर द्या, सर. नवा दिला तर बटणं शोधण्यातच पेपर जाईल."

हिंमतरावांनी अर्ज दोनदा वाचला. चेहऱ्यावरचा ताण उतरला. "हे आधी सुचलं असतं, तर किती बरं झालं असतं," ते म्हणाले आणि खिशातला कॅल्क्युलेटर काढून दिला. चार बटणांवर पट्टी बसली, वर सही झाली. बाराला दहा मिनिटं कमी होती. सवलत म्हणून मिळालेली चाळीस मिनिटं सवलत मिळवण्यातच खर्ची पडली होती.

त्यानंतर उत्कर्षा भराभर लिहीत गेली. प्रत्येक आकडा ओठांत पुटपुटून, बोटानं दाबून, पुन्हा पडताळून. एक वाजून पन्नास मिनिटांनी जादा वेळही संपला आणि हिंमतराव स्वतः उत्तरपत्रिका न्यायला आले.

"दोन प्रश्न राहिलेत तिचे," अस्मिताबाई म्हणाल्या. "मधला वेळ गेला, सर."

"गेला, कबूल आहे. पण गेलेला वेळ कुठल्या नियमात भरून देऊ? दोनला पाकिटं सील व्हायची आहेत, खाली गाडी उभी आहे."

भांडता आलं असतं. सकाळपासून पाय भरून आले होते, डोकं ठणकत होतं, आणि भांडून काय होतं हे सव्वीस वर्षांत बऱ्यापैकी कळलं होतं. अस्मिताबाईंनी हात पुढे केला. उत्कर्षानं पेनाला टोपण लावलं आणि पेपर दिला. तिनं हट्ट केला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

फाटकाबाहेर उत्कर्षाची आई थांबली होती. शालन तिचं नाव. कोथरूडमधल्या दोन सोसायट्यांत पोळ्या करायची. लेकीनं तिला काय ते सांगून झालं होतं. अस्मिताबाई स्कूटरकडे न जाता आधी तिच्यापाशी गेल्या.

"चाळीस मिनिटं वाया गेली तिची. तिचं काही चुकलं नाही. मी सरांशी आणखी बोलायला हवं होतं, बोलले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही तक्रारीचा अर्ज करा. साक्षीला माझं नाव घाला."

शालननं पदरानं लेकीच्या मानेवरचा घाम पुसला. "मॅडम, या एका कागदापायी मी दोन वर्षं दवाखाना आणि शाळा करतेय. दर खेपेला कोणीतरी म्हणतं, अजून एक अर्ज करा." तिच्या आवाजात राग नव्हता. "अर्ज राहू दे. परवा भूमिती आहे. परवा या खोलीत तुम्हीच असणार का?"

परवा अस्मिताबाईंची नेमणूक तळमजल्यावर होती. जिन्याला लागून, गार खोली. यादी पाहून त्यांनी सकाळीच सुटकेचा श्वास सोडला होता.

"विचारून येते," त्या म्हणाल्या.

दोन मजले पुन्हा चढताना त्या मधे दोनदा थांबल्या. हिंमतराव वरच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. घास तसाच धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डाव्या हातानं यादी पुढे ओढली आणि दोन नावांची अदलाबदल केली.

"घ्या अकरा नंबर. नाहीतरी तिथं कोणी जायला तयार नसतं," ते म्हणाले. आणि यादी बाजूला सारत, "परवा मी साडेदहालाच त्या खोलीत येईन. काय बघायचं ते घंटेच्या आधी बघून घेतो."

अस्मिताबाई खाली आल्या, तर मायलेकी निघून गेल्या होत्या. रस्त्यावर बसथांब्यापर्यंत कोणी दिसेना. निरोप द्यायला नंबरही घेतलेला नव्हता. स्कूटरची सीट तापून चटके देत होती. त्यांनी त्यावर ओढणी टाकली आणि सावलीत उभं राहून ती जरा निवायची वाट पाहिली.