दहाने पुढे

मेकॅनिकने मोबाइलवर वेग बघत तिच्या मोटरसायकलच्या दोन फेऱ्या मारल्या. "ताई, मीटर साठ दाखवतं तेव्हा गाडी जेमतेम पन्नासने पळते. कुणीतरी काटा काढून मुद्दाम दहाने पुढे बसवलाय. हात मात्र सफाईदार, कुठे ओरखडासुद्धा नाही."

तिला हसू फुटलं. तिचे सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. कुणाला उशीर होऊ नये म्हणून घरातलं प्रत्येक घड्याळ त्यांनी दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं. चाळिशीत ती गाडी शिकली तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. सासरे मात्र एक दुपारभर गाडीपाशी बसून होते.

"करून देऊ बरोबर?"

"नको," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही अजून घड्याळंसुद्धा मागे घेतली नाहीत."