कलतं पातं

लाकूड तासायच्या रंध्याच्या पात्याखालच्या खाचेत भुशाचा एक कण दडून बसला होता. काळपट... म्हणजे शिसवीचा, म्हणजे वकिलाच्या टेबलाचा, म्हणजे वर्षभर तरी भाडं न देता राहिलेला. दादाने दातांचा जुना ब्रश फिरवला, फुंकर मारली, शेवटी बायकोची सुई घेतली तेव्हा कुठे तो बाहेर आला. एवढ्याशा कणापायी परदेशात यंत्र अडकवून ठेवतात म्हणे. भुशातून कीड येते. "माणूस चालतो, त्याच्या डोक्यातले किडे चालतात, भुसा तेवढा चालत नाही," असं बारक्या सकाळी म्हणाला होता आणि स्वतःच्याच विनोदावर गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ हसला होता.

बारक्या हा दादाचा धाकटा भाऊ. नाव पडलं तेव्हा खरंच बारीक होता. आता कारखान्याच्या दारातून वाकून आत येतो. उद्या दुपारी सुतारकामासाठी परदेशी निघालाय. यंत्रं तिकडे मिळतात, असं भेटेल त्याने सांगून झालं; पण बारक्याचं एकच, की परक्या यंत्राशी ओळख होईपर्यंत मुकादमाशी माझी नको तेवढी ओळख झालेली असेल. वायरमनने निर्वाळा दिला, वीज आपल्यासारखीच, फक्त पिन बदला. झालं, रंध्याचं हे मशीन त्याच्याबरोबर निघालं. त्याला जागा करायला बॅगेतून दोन पँटी, एक चादर आणि दादाच्या बायकोने हौसेने घेतलेला शर्ट बाहेर आले. पलीकडच्या खोलीत आता वजनकाट्यावर बॅग चढत होती, उतरत होती, आणि दर वेळी बायकोचा आवाज येत होता — "अजून जडच!"

पातं पुसून झालं. आता ते परत बसवायचं, पान्ह्याने आवळायचं, की काम संपलं. पण दादाचा हात तिथेच थांबला.

कारण बसवायचं कसं?

सरळ बसवायला काय, कोणीही बसवेल... पण बारक्याचा हात डावीकडे दाबतो. पहिल्यापासून. शिकत होता तेव्हाची ती फळी दादाला अजून दिसते — कडेला काटकोन तपासायचा गुण्या टेकवला आणि त्याच्याखालून एका बाजूने उजेडाची चीर आली. तेव्हा बोलायला हवं होतं. पण बारक्याचं त्या वेळचं नाक असं, की चूक काढली तर दोन दिवस जेवण बंद, आणि मग आईचं तोंड सुरू. त्यापेक्षा धार लावल्यावर पातं उजवीकडे केसभर वर बसवणं दादाला स्वस्त पडलं. चीर गेली. लोक म्हणू लागले, धाकट्याच्या हातात ओळंबा आहे! दादा मान डोलवायचा. कोणाला काय केलं, कोणी विसरलं, हे सगळं तो मनात मांडून ठेवणारा माणूस. पण ही एक जमा त्याने कधी कोणाला दाखवली नाही. काढून एकट्यानेच बघायची, पुन्हा आत ठेवायची — अशी चीज.

आणि आता? तिकडे पहिला महिना पारखीचा. बारक्या स्वतः धार लावणार, पातं सरळ बसवणार, आणि मुकादमासमोर कड कलणार. पसंत नाही पडला तर घरी परत... परत. हा शब्द दादाच्या मनातून मांजरासारखा पाय न वाजवता गेला. जाताना जरा अंग घासून गेला. छे! मी असा नाही. मी त्याला सांगणार.

"बारक्या, इकडे ये जरा."

"झालं का? वहिनी बॅगेवर बसलीय, दादा. अक्षरशः बसलीय. तरी चेन लागत नाही."

"ते राहू दे. तुझ्या हाताचं... म्हणजे तिकडे पातं बसवताना—"

बारक्या एकदम गंभीर झाला. समोर स्टुलावर बसला. त्याचे गुडघे कानापर्यंत आले.

"मीच बोलणार होतो. रागावणार नसशील तर सांगतो."

"बोल की."

"तुझं पातं उजवीकडे चढतं, दादा. नेहमीच. धार झकास लावतोस, पण बसवताना तुझा डोळा फसतो. म्हणून मी हात डावीकडे दाबून धरतो. आता सवयच झालीय. पण माझ्यामागे दुसरा कोणी कामाला ठेवशील, त्याला हे सांगून ठेव. नाहीतर कपाटं कलतील आणि नाव तुझं जाईल."

"आधी का नाही बोललास?"

"तुला? चष्म्याचं नाव काढलं तर तू दोन दिवस जेवत नाहीस!"

दादा पुसलेलं पातं उगाच पुन्हा पुसू लागला. ती पहिली फळी, ती उजेडाची चीर... तेव्हा हात कलला होता, की पातंच तसं होतं? पातं कोणी बसवलं होतं तेव्हा? मीच, आणखी कोण. आता मशीन चालवून पाहावं तर पुन्हा भुसा. सगळं पुसण्यापासून सुरू.

"मग आता सरळ बसवू?" त्याने विचारलं.

"नको रे." बारक्या उठला. "तुझ्या पद्धतीनेच बसव. पहिल्या दिवशी तरी हाताला ओळखीचं काहीतरी असू दे." आणि वाकून, दाराला डोकं चुकवून, बॅगेवर बसायला गेला.

दादाने पातं डोळ्यांसमोर धरून खाचेत ठेवलं. एक डोळा मिटला — सरळ. तो उघडून दुसरा मिटला — उजवीकडे, केसभर... त्याने पुन्हा पहिला मिटला. इतकी वर्षं आपण देत होतो म्हणायचं, की घेत होतो? की दोघंही एकमेकांच्या खिशात तेच एक नाणं गुपचूप सरकवत... त्याला हसू आलं, आणि हसता हसता दोन्ही डोळ्यांना एकदमच धूसर दिसू लागलं. आता कुठला मिटून काय उपयोग.

"झालं का हो?" आतून बायकोने विचारलं.

"होतंय," तो म्हणाला. आणि पान्हा तसाच हातात धरून, घाई नसल्यासारखा, बसून राहिला.