ही बरी, की ही?

चष्म्याच्या दुकानातली बारकी बावन्न वर्षांची झाली, तरी बारकीच राहिली. दोन भावंडांत धाकटी, म्हणून नाव पडलं ते पडलं. डोळे तपासायचं काम तिचं. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम दादाचं. सव्वीस वर्षं दुकान असं दोघांच्या बळावर सुखानं चाललं होतं. आणि आज बारकीच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात दादासाठी एक चिठ्ठी होती. उद्यापासून मी दुकानात येणार नाही, असं तिनं त्यात लिहिलं होतं.

कारण दादा तिच्यावर रागावला होता. निदान तिची तशी पक्की खात्री होती. तिच्याकडे बघताना त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तिनं लिहून दिलेला नंबर हातात घेतला की तो करवादायचा, "हे काय कोंबडीचे पाय काढलेयस!" गेल्या आठवड्यात तर कहर झाला. पलीकडच्या फुटपाथवरून तिनं चांगला हात हलवला, तर हा बाबा नाकासमोर बघत चालता झाला! तेव्हापासून बारकी जेवताखाता एकच उगाळत होती : दादाला मी दुकानात नको झालेय. त्यालाच विचारावं, तर तो "हो" म्हणाला म्हणजे? त्यापेक्षा आपणच मानानं बाहेर पडलेलं बरं. असं ठरवून झालं आणि मग दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक एक बसचालक होता. महिनाभर डोकं ठणकतंय म्हणत होता. बारकीनं त्याच्या नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम चढवली आणि नेहमीसारख्या काचा बदलायला लागली.

"ही बरी, की ही?"

"दोन्ही तशाच."

"आणि आता? ही, की मघाची?"

चालकानं जरा विचार केला. "ताई, खरं सांगू? काच बदलताना मधे तुम्ही रिकामी फ्रेम ठेवली होती ना, तेव्हा सगळ्यात झकास दिसलं."

बारकीनं त्याचा जुना चष्मा मागून घेतला. "हा कुठून केलात?"

"केला नाही. मेव्हण्याचा आहे. मला शोभतो म्हणाले सगळे."

बारकीला हसू आवरेना. डोळे ठणठणीत असलेला माणूस महिनाभर दुसऱ्याची काच लावून फिरत होता आणि दोष मात्र स्वतःच्या डोक्याला देत होता! चालकही हसत, चष्मा खिशात टाकून गेला. पण त्याचं ते वाक्य काही जाईना. ते बारकीच्या मागेच लागलं.

खुर्ची रिकामी होती. बारकी स्वतःच त्यात बसली. समोर, काचेच्या पलीकडे, दादा आपल्या टेबलावर वाकून काम करत होता. गिऱ्हाइकाला विचारते तसं तिनं स्वतःला विचारलं. ‘त्याला मी नको झालेय’, ही काच लावून दादा कसा दिसतो? खडूस दिसतो. आणि मी? मी बिचारी, खिशात चिठ्ठी घेऊन बसलेली. बरं, ही काच तुला दिली कुणी? दादानं? छे. तो असं एका शब्दानं बोलला नव्हता. मग काढून बघ ना, बाई. घटकाभरच काढ.

तिनं काढली. आणि आधी काय झालं असेल तर तिचे खांदे खाली आले. किती दिवस ते वर चढून बसले होते, देव जाणे. दादा अजून तोच होता, आठ्याही त्याच होत्या, पण बारकीला एकदम हलकं वाटलं.

मग तिनं नीट बघितलं. कपाळाला आठ्या. डोळे बारीक. मान पुढे. हातातली फ्रेम लांब धरलेली.

"अगं बाई!" बारकी ताडकन उठली. असली तोंडं ती दिवसाला वीस बघत होती! याला ना जवळचं नीट दिसत होतं, ना पलीकडच्या फुटपाथवरचं. "दादा, इकडे ये. बस खुर्चीत."

"मला काय धाड भरलीय?"

"बस म्हणते ना!"

दादा कुरकुरत बसला आणि समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून मोकळा झाला. बारकीनं दिवा बंद केला. अंधारातही त्यानं शेवटची ओळ बिनचूक म्हटली. सव्वीस वर्षांत तक्ता पाठ झाला होता त्याला. जवळचं वाचायचं कार्डही पाठ!

"पाठ नाही असं काहीतरी दे की," दादा आता खिंडीत सापडल्यासारखा म्हणाला, आणि दिवा लागताच त्यानंच तिच्या खिशातून डोकावणारा कागद ओढला.

"तो नको!"

पण कागद त्याच्या हातात गेला होता. त्यानं लांब धरला, जवळ धरला. एक अक्षर लागेना. बारकीनं तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली. आता चुकीची काच लावली, तर चिठ्ठी गुपचूप खिशात परत येणार होती. तिनं बरोबर काच लावली.

"दादा, तुला मी नको झालेय, हे मला कळलंय," दादा वाचू लागला. "उद्यापासून मी..." तो थांबला. उरलेलं त्यानं मनात वाचलं. "असं कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. मीच."

"मग मला विचारायचं नाही का?"

"दिसत नाही, हे तू तरी सांगितलंस का?"

"चष्मेवाल्यानं काय सांगायचं? तू हसली असतीस."

"हसलेच असते!" म्हणत बारकी हसायला लागली, ती रडेपर्यंत हसली. दादाही हसला. आणि मग, नाकावर ती जड फ्रेम तशीच ठेवून, तिच्याकडे बघत राहिला.

"बारके, तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

"दोन वर्षं झाली, दादा."

"छान दिसतात."

बारकीनं डोळे पुसले, चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली आणि उलटी करून मागच्या बाजूला त्याचा नंबर लिहिला. या वेळी चांगल्या टपोऱ्या अक्षरात.