तिसरी तपासणी

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या उचापती. गणिताच्या बाईंनी एक अवाढव्य संख्या मागे लावून घेतली. दोनाला दोनानं गुणत सुटायचं आणि शेवटी त्यातून एक वजा करायचा, अशी ती संख्या. लिहून काढायची तर घरातल्या भिंती पुरल्या नसत्या. ती मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कुणीच निःशेष भागत नाही ना, एवढंच बाईंना हवं होतं.

त्यासाठी भाजक शोधत बसावं लागत नाही. चार घ्यायचे, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या अवाढव्य संख्येनं भागून बाकी ठेवायची, आणि त्या बाकीचं पुन्हा तेच. ठरलेल्या शेवटच्या पायरीला बाकी शून्य आली, तर संख्या मूळ.

मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरनं कित्येक महिने घरघर करून शून्य आणलं. सांगायला घरात कुणी नव्हतं. शिवाय या उद्योगात एकट्याच्या शून्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या मशीनवर, तेच मिळावं लागतं. बाईंनी धाकट्या भावाला फोन लावला. तो दूरच्या शहरात प्रोग्राम लिहायचा; बाईंचा या हिशोबाचा प्रोग्रामही त्यानंच लिहून दिला होता. एरवी त्याला बहीण आठवायची ती वाढदिवसाला, तीही उशिरा.

त्यानं आपल्या मशीनवर तोच हिशोब लावला. हिशोब चालू असताना मधल्या बाक्या ताडून पाहायची रीत आहे. रोज संध्याकाळी तो बाकीचे शेवटचे अंक वाचायचा, बाई स्वतःचे बघून "जुळलं" म्हणायच्या. मग इकडचं तिकडचं निघायचं. त्याचा गुडघा, बाईंचा गळका नळ, आईच्या नाकावरचा राग. बाई दुपारपासूनच फोनभोवती घुटमळू लागल्या. एकटेपणा अंगवळणी पडला होता, तो दुखतो हेच त्या विसरल्या होत्या. आता चांगलं आठवलं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, शून्य. मूळ आहे तुझी संख्या. झालं बघ काम."

"हो रे," बाई म्हणाल्या.

"चल, ठेवतो मग."

"थांब. आपण दोघांनी एकच प्रोग्राम वापरला. त्यातच चूक असली तर?"

"तो मी लिहिलाय, ताई. आणि तू ओळ न् ओळ तपासलीस. दोनदा मूर्खात काढलंस मला."

"तरीसुद्धा."

संख्येबद्दल बाईंना तिळभर शंका नव्हती. उद्या संध्याकाळी फोन वाजणार नाही, हे मात्र सोसवत नव्हतं. आयुष्यभर गणितात खोटं न बोललेल्या बाई कानाशी फोन धरून उभ्या राहिल्या.

मग तो हळूच म्हणाला, "नवा लिहायला हवा मग. अगदी पहिल्यापासून. वेळ लागेल. आणि अडलं की रोज तुला विचारत बसेन, वैतागायचं नाही."

"लागू दे वेळ," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "आत्ताच सुरू कर. पहिली ओळ काय लिहितोस?"