ताईने ऐकलेला सिनेमा

ताईने रिमोट उशीखाली सरकवला आणि साळसूदपणे म्हणाली, "आज राहू दे गं. माझे डोळे चुरचुरतायत."

"चाळीस वर्षांनी सापडलाय हा सिनेमा, तोही अगदी स्वच्छ! आणि तुला आजच डोळे आठवले होय?" धाकटीने उशी उचलून रिमोट घेतलाच.

लहानपणी दोघींनी तो घरच्या टीव्हीवर पाहिला होता. टीव्ही कसला, डबडंच मेलं! चित्रभर मुंग्या आणि आवाजाची नुसती खरखर. एक थप्पड दिली की दोन मिनिटं सरळ वागायचा. ताई त्याला कान लावून बसायची आणि कोण काय बोललं ते धाकटीला सांगायची. ताई अकराची, धाकटी सहाची. आई नुकतीच घर सोडून गेली होती आणि बाबा कुणाशी धड बोलत नव्हते.

शेवटी सिनेमातली आई गाडीत बसते आणि खिडकीतून मुलीला काहीतरी सांगते.

"काय म्हणाली?" धाकटीने तेव्हा विचारलं होतं.

"म्हणाली, रोज वेणी घाल. मी परत आले की बघणार आहे."

त्यानंतर धाकटीने कितीतरी वर्षं एक दिवसही वेणी चुकवली नाही. आई काही आली नाही. पण त्या वाक्यावर पोरीने बालपण निभावून नेलं.

आता पडद्यावर कोटाची शिवणसुद्धा दिसत होती.

"अगं, हा काका चहा मागतोय म्हणाली होतीस ना? हा तर घर विकायला निघालाय!" धाकटी खो खो हसली.

"खरखर होती ना," ताई पुटपुटली.

गाडीचा प्रसंग आला तशी ताई पाणी आणायला म्हणून उठली आणि उभीच राहिली. सिनेमातली आई खिडकीतून वाकली. "माझी वाट बघू नकोस," ती म्हणाली. शब्द अगदी खणखणीत होते. ताईला ते तेव्हाही ऐकू आले होते.

धाकटीने चित्र थांबवलं. ताईला तिच्याकडे बघण्याचा धीर होईना.

मग धाकटीने डोळे पुसले आणि ताईचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"ताई, मला नीट ऐकू नाही आलं गं. काय म्हणाली ती?"