सातव्या नळाचं पाणी

“इंग्रजांना जमलं म्हणजे तुलाही जमेल, असं कुठे लिहिलंय?” शिरीष गॅरेजच्या दारात उभा राहून ओरडला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट आणि गळ्यात हेडफोन. “त्यांच्याकडे इंजिनियर होते. तू अकरावी सोडलीयस!”

“त्यांच्याकडे पंप नव्हता, माझ्याकडेही नाहीये. फिट्टंफाट,” हृषिकेश शिडीवरून म्हणाला. “आणि बाबा, तुझं म्यूट नाहीये.”

शिरीषचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने हेडफोन चाचपला. म्यूट होतं. हृषिकेश दात काढून हसत होता.

“सतरा वर्षांचा घोडा झालाय,” शिरीष म्हणाला आणि परत आत पळाला, कारण मीटिंगमध्ये खरंच कुणीतरी त्याचं नाव घेतलं होतं.

परदेशातल्या क्वेकर्स हिल या उपनगरातल्या त्या घरात गेले तीन महिने हे असंच चालू होतं. लॉकडाऊनमुळे पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, त्यामुळे भांडायलाही घरातलीच माणसं. जुलैत शाळा ऑनलाइन झाली. हृषिकेश दोन आठवडे लॅपटॉपसमोर बसला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याने कॅमेऱ्यासमोरच सरांना सांगितलं, “सर, मी नाही येत उद्यापासून.” आणि खरंच गेला नाही. त्याला एका जागी बसवायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं.

त्याला प्लंबर व्हायचं होतं. दोन घरं सोडून राहणारे धर्मपालकाका त्याला अप्रेंटिस म्हणून घ्यायला तयार होते. काका नागपूरचे, तिथे चक्क इंजिनियरिंग केलेले, पण इथे आल्यावर प्लंबिंगचं लायसन्स काढून स्वतःची व्हॅन घेतलेले. अडचण एकच. हृषिकेश अठराचा नव्हता आणि फॉर्मवर बापाची सही लागत होती. फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली पाच आठवडे लटकत होता आणि शिरीष रोज दूध काढताना त्याच्याकडे पाठ करत होता.

शेवटी गणपतीने मध्यस्थी केली. मराठी मंडळाने यंदा देखाव्यांची स्पर्धा झूमवर ठेवली होती, विषय ‘आपलं जुनं शहर’. हृषिकेशने जाहीर करून टाकलं की तो जुन्या मुंबईचा पाणीपुरवठा करून दाखवणार. चित्रात नाही, खऱ्या पाण्याने. शिरीष हसला. हृषिकेशचं डोकं फिरलं. अर्धा तास वाजलं आणि त्यातून पैज निघाली. रविवारी परीक्षणाच्या वेळी, दहा मिनिटांत, सगळ्या नळांना पाणी आलं पाहिजे. पंप नाही, मोटर नाही, तोंडाने ओढणं नाही. आलं तर सही. नाही आलं तर टर्म फोरला, म्हणजे पुढच्या सत्राला, गुपचूप शाळेत.

ही कल्पना त्याला सुचली ती आजीमुळे. शोभाआजी मागच्या वर्षी फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष इथेच अडकली. तिने मुंबईत महापालिकेच्या पाणी खात्यात तीस वर्षं तक्रारी लिहून घेतल्या होत्या. टेबल, रजिस्टर, काळा फोन. “पाइपला मी कधी हात लावला नाही बाबा,” ती म्हणायची, “पण कुठल्या गल्लीत काय दुखतंय ते मला फोनवर कळायचं.” आणि सगळ्यांना तिचं एकच उत्तर असायचं, इंग्रजांच्या वेळची लाइन आहे, माणूस पाठवते.

लॉकडाऊनमधल्या दुपारी तिने त्याला सगळं सांगितलं. डोंगरात तलाव बांधला, तिथून लोखंडी पाइप टाकला आणि पाणी निव्वळ उतारावर शहरात आलं. आधी लोक नळाच्या पाण्याला नाकं मुरडत. “माझ्या आजेसासूबाई म्हणे त्यात गंगाजळाचे दोन थेंब टाकायच्या. नळाच्या आत चामडं असतं ना, म्हणून.”

“वॉशर! लेदरचा वॉशर!” हृषिकेश उडालाच. “इथे काका अजून जुन्या घरांत तो काढतात!”

तर गॅरेजमध्ये तो तलाव झाला. कपाटाच्या डोक्यावर निळी एस्की, म्हणजे एरवी बार्बेक्यूला बर्फ आणि बाटल्या ठेवायची पेटी. तिच्यातून बागेला पाणी घालायचा काळा पाइप खाली उतरलेला. खाली खोक्यांचं शहर. किल्ला, बाजार, गोऱ्यांचे बंगले, चाळी. प्रत्येक ठिकाणी बोटाएवढे एक-दोन नळ. असे सहा.

सातवा धर्मपालकाकांमुळे आला. ते एका संध्याकाळी ड्राइव्हवेवर उभे राहून, मास्क हनुवटीवर ओढून चहा पीत होते. त्यांनी शहर नीट बघितलं आणि म्हणाले, “बंगल्यांना दोन नळ दिलेस, छान. आमच्या पणजोबांची वस्ती कुठंय?”

“कुठली वस्ती?”

“गिरणीत कामाला आले होते नागपूरकडून. दोनशे घरांत एक नळ. तोही शेवटी, सगळ्यांचं भागल्यावर आला.”

हृषिकेशने लगेच उरलेला पाइप मोजायला घेतला. त्याने त्या रात्रीच लाइन वाढवली आणि पार टोकाला, रोलर डोअरच्या, म्हणजे गॅरेजच्या शटरच्या, कोपऱ्यात, चिप्सच्या खोक्याची वस्ती करून सातवा नळ लावला. “सातव्याला आलं तरच आलं म्हणायचं,” तोच बापाला सांगून आला. रागाच्या भरात माणूस स्वतःवरच अटी वाढवतो, तसं.

गुरुवारी चाचणी झाली. सातही नळ धो धो. त्याने अंगणातल्या लिंबाच्या झाडाभोवती नाच केला.

पण शुक्रवारी गणपती बसला. मूर्ती आईने, म्हणजे मंजिरीने, स्वतः केलेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर कोविडचे नमुने तपासून आली की ती रात्री माती घेऊन बसायची. आयुष्यातला पहिला शाडूचा गणपती. एक कान जरा मोठा, पण डोळे असे जमलेले की समोर उभं राहिलं की आपणच आधी नजर खाली घालावी. तिने मूर्ती शहराच्या मधोमध ठेवली, लांबून बघितलं आणि म्हणाली, “मखर कुठंय?”

“जागा नाहीये आई. सगळीकडे पाइप आहे.”

“बिनमखराचा बाप्पा माझ्या घरात बसणार नाही.”

मग हृषिकेशने डोकं लढवलं. चौथ्या नळानंतरचा पाइप त्याने जमिनीवरून उचलला, बाप्पाच्या डोक्यावरून कमानीसारखा नेला आणि पलीकडे पुन्हा खाली सोडला. आईने त्याच्यावर सोनेरी कागद गुंडाळला, झेंडूचं प्लास्टिकचं तोरण बांधलं. झालं मखर. सगळे खूश.

शनिवारी चाचणी घेतली आणि चार नळ चालले. पाचवा आणि सहावा नुसते थुंकले. सातवा कोरडा ठणठणीत.

त्याने प्रत्येक जोड उघडून परत लावला. गळती नाही. एस्की अजून उंच केली. तरी नाही. कमान एस्कीपेक्षा खालीच होती, म्हणजे पाणी चढायलाच हवं होतं. चढलं नाही. संध्याकाळी त्याने बादलीला लाथ मारली, ती बंगल्यांवर जाऊन पडली, आणि गव्हर्नरसाहेबांचं छप्पर गेलं. शिरीषने खिडकीतून ते बघितलं आणि पडदा ओढून घेतला. ते पडदा ओढणं हृषिकेशला जास्त झोंबलं.

रविवारी दुपारी तीनला झूम सुरू झालं. मंडळाच्या नीरजाताई केलीव्हिलमधल्या त्यांच्या घरी सोफ्यावर नथ घालून बसल्या होत्या. “वाऽ, काय सुंदर! हं, करा सुरू!” शिरीषने फोनवर टायमर लावला. धर्मपालकाका ड्राइव्हवेवर, दीड मीटर अंतर राखून, हाताची घडी घालून उभे.

हृषिकेशने तलावाचा कॉक उघडला. एक, दोन, तीन, चार. टाळ्या. पाचवा, फुस्स. सहावा, फुस्स.

“दोन मिनिटं झाली,” शिरीष म्हणाला.

हृषिकेश एस्कीवर हात आपटायला लागला. कान लाल झालेले. आजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिने चष्मा वर केला आणि एकदम वेगळ्याच आवाजात, ऑफिसच्या आवाजात, विचारलं, “तक्रार बोला. पाणी कुठे नाही?”

“आजी, आत्ता नको गं!”

“पाणी कुठे नाही ते सांग. ओरडलं की माणूस उशिरा पाठवायचे मी.”

हृषिकेशने दात आवळले. “चारपर्यंत आहे. पाच-सहात नुसती हवा. सातला काहीच नाही.”

“म्हणजे पुलापलीकडचे,” आजी म्हणाली. “आमच्याकडे पण तस्संच. दोन दिवस लाइन बंद राहिली आणि परत सोडली की अलीकडच्यांना पाणी, आणि रेल्वेच्या पुलावरून पाइप गेला होता, त्याच्या पलीकडचे बोंबलायचे. नळ फुसफुसतोय म्हणून. मग आमचा तो एक माणूस पुलावर चढायचा. पाइपच्या डोक्यावर लोखंडी टोपीसारखं काहीतरी होतं, कबुतरं बसायची त्याच्यावर. तो ते सैल करायचा, पाइप जोरात शिंकायचा, आणि पाच मिनिटांत फोन बंद.”

“पाइप शिंकायचा म्हणजे—” हृषिकेश थांबला. त्याने सोनेरी कमानीकडे बघितलं. तोरण, झेंडू, आणि कमानीचं अगदी वरचं टोक, बाप्पाच्या मुकुटाच्या बरोबर वर. “हवा! वर हवा अडकलीय! आई, सुई दे. जाडी. पटकन!”

“सुई कशाला?”

“तुझ्या मखराला भोक पाडायचंय.”

मंजिरीने सुई आणली खरी, पण हातात धरूनच ठेवली. “आणि पाणी उडालं म्हणजे? माती आहे रे ती. विरघळेल माझा गणपती.”

“साडेपाच मिनिटं,” शिरीष म्हणाला.

झूमवर नीरजाताई पुढे सरकून बसल्या होत्या. “अहो, काय चाललंय?”

हृषिकेश शिडीवर उभा होता. तो आईच्या हातातून सुई ओढून घेऊ शकला असता. एरवी घेतलीच असती. पण ती रात्र रात्र बसून केलेली सोंड त्याने रोज बघितली होती. तो म्हणाला, “तू नाही म्हणालीस तर नाही पाडत.”

मंजिरीने नवऱ्याकडे बघितलं. शिरीषच्या हातात टायमर होता. त्याने काहीच करायची गरज नव्हती, नुसतं उभं राहायचं आणि साडेचार मिनिटं जाऊ द्यायची. तो पोरासारखाच रागीट होता, पण बेइमान नव्हता. “च्यायला,” तो पुटपुटला, कोपऱ्यातली मोठी छत्री उचलली, फटकन उघडली आणि बाप्पाच्या डोक्यावर धरली. “पाड भोक. सात मिनिटं होत आली.”

सुई आत गेली. पाइप शिंकला. असा शिंकला की आजी टाळी वाजवून ओरडली, “अगदी तोच आवाज!” मग हवेमागून बारीक फवारा उडाला, सरळ छतापर्यंत, आणि तिथून शिरीषच्या इस्त्रीच्या शर्टावर. छत्रीवर टपटप. बाप्पा कोरडा. हृषिकेशने भोकावर अंगठा दाबला.

“पाचला आलं!” आई ओरडली. “सहाला पण!”

आता त्याला शिडीवरून उतरता येईना. अंगठा काढला की फवारा. सातवा नळ छत्रीच्या आड, त्याला दिसेचना. “काका! बघा ना!”

धर्मपालकाका रोलर डोअरशी गुडघे टेकून बसले. डोकं जमिनीला लावून त्या चिमुकल्या नळाखाली बघत राहिले.

“आठ वीस,” शिरीष. चष्म्यावरून पाणी गळत होतं.

“काका, बोला ना यार!”

“थांब. काही नाही. हवा येतीय.” काकांनी तळहात नळाखाली धरला. “नाही. नाही. ओलं झालं. थेंब. एक... थांब रे, ओरडू नको. दोन...” आणि मग त्यांनी नुसता हात वर करून दाखवला. तळव्यातून पाणी मनगटावर, तिथून कोपरावर ओघळत होतं. “घ्या,” ते हसून म्हणाले, “आमच्या वस्तीला पाणी आलं!”

“आठ एकेचाळीस,” शिरीष म्हणाला आणि त्याने टायमर बंद केला.

गॅरेजमध्ये एकच कल्ला झाला. झूमवरची अनोळखी माणसंही अनम्यूट होऊन मोरया मोरया करायला लागली, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी येत होता. मंजिरीने भोकाला टूथपिक खोचली, तेव्हा कुठे हृषिकेश खाली उतरला. अंगठा पांढरा पडलेला.

शिरीष छत्री मिटून आत गेला. फ्रिज उघडल्याचा नाही, मॅग्नेट काढल्याचा आवाज आला. तो फॉर्म घेऊन बाहेर आला, धर्मपालकाकांच्या व्हॅनच्या बॉनेटवर ठेवला आणि सही केली. केसातलं पाणी कागदावर पडलं, सही थोडी फुलली.

“ही चालेल ना?” त्याने विचारलं.

“पळेल,” काका म्हणाले.

“शिकायची चार वर्षं आहेत. मध्येच सोडलंस तर बघ.”

“नाही सोडत,” हृषिकेश म्हणाला. त्याने बापाच्या ओल्या शर्टावर एक बुक्का मारला. शिरीषनेही एक परत केला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. “हं. किती? घोट्यापर्यंत? मेन बंद करा, मेन! मीटरजवळ. नाही सापडत? नो वरीज, आलो.” त्यांनी फोन खिशात टाकला आणि मास्क वर ओढला. “किचनचा पाइप फुटलाय पलीकडच्या गल्लीत. येतोस का, की बक्षीस बघायचंय?”

“हृषिकेश!” लॅपटॉपमधून नीरजाताईंचा आवाज आला. “अरे, आम्हाला समजावून सांग ना, पाणी नेमकं अडलं कशाने? आणि ही आयडिया कोणाची? सगळे थांबलेत, दोन शब्द तरी बोल!”

हृषिकेश एका पायात बूट घालत, दुसऱ्या पायावर उड्या मारत कॅमेऱ्यासमोर आला. “पाणी अडलं ते, म्हणजे कसं झालं, आमचं मखर... आजीला विचारा, तक्रार तिनेच घेतली होती. सॉरी ताई, लोकांच्या घरात पाणी भरतंय. मला निघायलाच हवं आता.”