सोबत माप जोडले आहे

मी एक जुना सर्व्हर आहे आणि सध्या माझे डोके जाम फिरलेले आहे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्याच्या जिन्याखाली, झाडू आणि बादलीशेजारी, मी अकरा वर्षे उभा आहे. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरकडून पत्र घ्यायचे आणि त्याला जोडलेल्या पायाच्या मापासकट कारखान्याच्या सॉफ्टवेअरला द्यायचे, एवढेच माझे काम. त्या दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, म्हणून मधे मी. पूर्वी लोक मला 'भरवशाचा गडी' म्हणत आणि दर शनिवारी माझी धूळ पुसत.

मग कारखान्याने नवे सॉफ्टवेअर आणले. दिसायला देखणे, वागायला लबाड! मोठी अटॅचमेंट आली की ते ती गुपचूप टाकून देई आणि वर मला 'मिळाले' असे कळवी. मग त्याच माणसाचे गेल्या वर्षीचे माप काढून कारागिराला दाखवी. पोचपावतीवरचा आकार पाहून मी दर वेळी नोंद करी: पाठवले चाळीस एमबी, उतरले शून्य. पण वाचतो कोण?

नऊ वर्षांच्या एका मुलीचा पाय दोनदा बनवला आणि दोनदा तो आखूड आणि घट्ट झाला. पोर वर्षभरात चार बोटे वाढली होती. बाबा तिला कडेवर घेऊन जिना चढले.

"सोमवारी शाळा उघडतेय," ती रडत म्हणाली. "मी कडेवर बसून नाही जाणार."

दोन इंजिनिअर आले. त्यांनी माझ्यातून एक चिमुकली फाइल पाठवली. तिच्यात 'टेस्ट' एवढा एकच शब्द. ती अर्थातच पोचली.

"आमच्याकडनं जातंय," दवाखान्याचा म्हणाला.

"आमच्याकडे येतंय," कारखान्याचा म्हणाला. "हे मधलं डबडंच बिघडलंय."

त्याने मला लाथ घातली आणि माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली: 'भरवसा ठेवू नये.' अकरा वर्षांनंतर हे, मित्रांनो! चोर सोडून संन्याशाला फाशी.

मुलीचा पाय घडवणारे म्हातारे कारागीर काका तिथेच उभे होते. त्यांचेही नाव खराब झाले होते. ते भडकले, "अहो साहेब, 'टेस्ट'ला कुठं पाय असतो? या पोरीचं माप पाठवा, अख्खं!"

पाठवले. पलीकडे कारखान्याच्या पडद्यावर गेल्या वर्षीचाच पाय उगवला. तेव्हा कुठे त्यांनी माझी नोंद उघडली. तेच वाक्य एकवीस वेळा, त्यात तीनदा या मुलीच्या नावापुढे. कारखान्याचा इंजिनिअर कानापर्यंत लाल झाला. त्याचे सॉफ्टवेअर दुरुस्त करायला त्याला दहा मिनिटे लागली.

काका शनिवार-रविवार कामाला बसले. सोमवारी सकाळी ती मुलगी माझ्या डोक्यावरून, एकेक पायरी वाजवत, स्वतः जिना उतरली. मागून बाबा रिकाम्या हातांनी येत होते.

मित्रांनो, यंत्राला लाथ घालण्याआधी ते काय सांगते आहे ते वाचा. तपासायचेच असेल, तर खरे ओझे देऊन तपासा. माझी माफी कोणी मागितली नाही. ती चिठ्ठी अजून माझ्या कपाळावर आहे. तुमच्यापैकी कोणी कधी या जिन्याखाली आलेच, तर आधी ती फाडा. धूळ नंतर पुसली तरी चालेल.